डोमेनच्या पीसीवर लॉगिनला पाच मिनिटं, प्रोफाइल उडवलं की बरं आणि महिन्याने परत तेच: वेळ कुठे जातो आणि कायमचं काय करायचं

डोमेनवरचे पीसी (म्हणजे सर्व्हरवरच्या एकाच यादीतल्या खात्यांनी लॉगिन होणारे), सर्व्हरवर रोमिंग प्रोफाइल (माणसाचा डेस्कटॉप, फाइल्स आणि सेटिंग्ज, तो बसेल त्या पीसीवर येणारं), आणि सकाळी पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप हातात येईपर्यंत चार-पाच मिनिटं. तीस-चाळीस पीसीच्या ऑफिसात ही तक्रार कधी ना कधी येतेच. आणि त्यावर केलं जातं तेही ठरलेलं असतं, सपोर्टचा मुलगा येतो, युजरचं प्रोफाइल डिलीट करतो, नवीन बनवतो, जुन्या फाइल्स परत डेस्कटॉपवर टाकून देतो, दोन-तीन आठवडे सगळं झकास आणि मग परत तोच फोन. वर्षानुवर्षं असं चालू असलेली ऑफिसं मी बघितली आहेत आणि मला ते खरंच बघवत नाही, कारण तीस माणसांची रोजची पाच मिनिटं म्हणजे रोजचे अडीच तास झाले, आणि वर लोकांना लॉगऑफच न करायची सवय लागते ज्याने प्रकरण अजून बिघडतं.

प्रोफाइल उडवणं हा इलाज नाहीच. फाइल्स जिथे साचायला नकोत तिथे साचतायत, ती जागा बदलली नाही तर त्या परत तिथेच साचणार. पण त्याच्याही आधी एक काम आहे, वेळ नेमका कुठे जातोय ते मोजायचं. हळू लॉगिन म्हणजे प्रोफाइलच असं नसतं, डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सोय) असू शकतं, मेलेला प्रिंट सर्व्हर असू शकतो, स्विचचा पोर्ट असू शकतो, आणि न मोजता हात घातला तर आठवडा जातो नको त्या जागी.

आता मोजायचं कसं. पहिलं म्हणजे ज्या पीसीवर तक्रार आहे तिथे ग्रुप पॉलिसीत (म्हणजे डोमेनच्या पीसी आणि युजरना लागणाऱ्या सेटिंग्जमध्ये) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, आणि त्यात "डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस" ही सेटिंग चालू करा. त्याने नुसतं वेलकम आणि फिरणारं चक्र न दिसता प्रत्येक पायरीचं नाव स्क्रीनवर येतं, प्रोफाइल सर्व्हिसची वाट बघतोय का ग्रुप पॉलिसी प्रिंटर्स लावतोय का ड्राइव्ह मॅप करतोय. युजरला सांगा की जिथे सगळ्यात जास्त वेळ अडकतं तिथे मोबाइलने फोटो काढून पाठव. हा फोटो तासाभराच्या फोनाफोनीपेक्षा जास्त सांगतो.

मग इव्हेंट व्ह्यूअर. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगॉन सोर्सचे ६००५ आणि ६००६ नंबरचे इव्हेंट शोधा, ६००५ म्हणजे अमुक सबस्क्रायबर (लॉगिनमधलं एक काम करणारा घटक) फार वेळ घेतोय आणि ६००६ मध्ये त्याने किती सेकंद घेतले ते लिहिलेलं असतं. सबस्क्रायबरच्या जागी जीपीक्लायंट असेल तर ग्रुप पॉलिसीकडे बघायचं, प्रोफाइल्स असेल तर प्रोफाइलकडे. त्याच्यापुढे जायचं असेल तर अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्जमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुपपॉलिसी, ऑपरेशनल. इथे ८००१ म्हणजे त्या युजरची लॉगिन पॉलिसी एकूण किती सेकंदात संपली, आणि ४०१६ आणि ५०१६ अशा जोड्या असतात, ४०१६ ला एक एक्स्टेन्शन (प्रिंटर, ड्राइव्ह असं पॉलिसीचं एकेक काम) सुरू झालं, ५०१६ ला ते संपलं आणि किती मिलिसेकंद लागले. खाली खाली वाचत जा, बाकी सगळे शंभर-दोनशे मिलिसेकंदात उरकलेले असतात आणि मध्येच एक ग्रुप पॉलिसी प्रिंटर्स नव्वद हजार मिलिसेकंद घेऊन बसलेला असतो, म्हणजे दीड मिनिट एकट्या प्रिंटरने खाल्लं. असा आकडा एकदा हातात आला की वाद संपतो. प्रोफाइलचा स्वतःचा वेळ त्याच झाडात युजर प्रोफाइल सर्व्हिसच्या ऑपरेशनल लॉगमध्ये मिळतो, इव्हेंट १ म्हणजे लॉगिनचं काम हातात घेतलं आणि २ म्हणजे संपवलं, दोघांच्या वेळेतला फरक काढा.

समजा फरक तिथेच निघाला, दोन-तीन मिनिटं प्रोफाइलमध्येच जातायत. बहुतेक जुन्या ऑफिसात हेच निघतं म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

रोमिंग प्रोफाइल ही सोय एनटीच्या काळापासूनची आहे आणि तिचं काम सरळ आहे, लॉगिनला सर्व्हरवरचं प्रोफाइल पीसीवर कॉपी करायचं, लॉगऑफला बदललेलं परत सर्व्हरवर न्यायचं. पीसीवर आधीची कॉपी असेल तर फक्त बदललेल्या फाइल्स येतात-जातात हे खरं, पण बदललेली फाइल पूर्ण जाते, तिच्यातला बदललेला तुकडा नाही. आता डेस्कटॉपवर दोन जीबीची पीएसटी (आउटलुकची मेल साठवायची फाइल) असेल तर आउटलुक नुसतं उघडून बंद केलं तरी तिची तारीख बदलते आणि संध्याकाळी दोन जीबी सर्व्हरवर जातात, त्या माणसाने दिवसभरात एकच मेल केला असला तरी. शंभर एमबीपीएसच्या पोर्टवरून सेकंदाला साधारण अकरा एमबी जातात, म्हणजे तीन जीबीचं प्रोफाइल पहिल्यांदा एखाद्या पीसीवर उतरायला साडेचार मिनिटं, तीही मोठ्या फाइल्स असतील तर. चार-चार केबीच्या तीस हजार फाइल्स असतील तर साइज कमी असूनही त्याहून वाईट, कारण प्रत्येक फाइलसाठी उघड, लिही, तारीख लाव, बंद कर असं सर्व्हरशी वेगळं जाणं-येणं होतं. आणि हे एकट्या पीसीचं झालं. साडेनऊला सगळे एकदम बसतात तेव्हा सर्व्हरची एक गिगाबिटची वायर सगळ्यांत वाटली जाते आणि सर्व्हरला जुनी फिरणारी डिस्क असेल तर वायरच्या आधी डिस्कच गुडघे टेकते.

पोर्ट शंभरवर आहे का एक हजारवर हे पण बघून घ्या, नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये एका क्लिकवर दिसतं. गिगाबिट स्विच घेतला म्हणजे गिगाबिट मिळतंय असं नाही, केबलची एक जोडी खराब असली की लिंक गुपचूप शंभरवर येते, आणि आयपी फोनमधून पीसीला वायर दिली असेल तर पुष्कळशा जुन्या फोनचा पासथ्रू पोर्टच शंभरचा असतो.

आता त्या प्रोफाइलमध्ये भरलंय काय ते उघडून बघा. सर्व्हरवर प्रोफाइलच्या शेअरवर (म्हणजे नेटवर्कवर उघडा ठेवलेल्या फोल्डरवर) ट्रीसाइझ किंवा विनडिरस्टॅट लावा, कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते हे प्रोग्राम दाखवतात. हिशोब विभागातल्या माणसाचं प्रोफाइल उघडलं की हमखास हेच दिसतं: डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर", त्यात "नवीन फोल्डर २", त्यात गेल्या तीन वर्षांची स्कॅन केलेली बिलं, प्रत्येक पीडीएफ आठ-दहा एमबीची कारण स्कॅनर रंगीत आणि सहाशे डीपीआयवर सोडलेला, टॅलीच्या बॅकअपच्या फाइल्स तारखेप्रमाणे ओळीने, जीएसटी पोर्टलवरून उतरवलेल्या एक्सेल आणि झिप, आणि एखाद्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचा सेटअप जो कधीतरी कुणीतरी तिथे टाकला आणि विसरला. यात त्या माणसाची चूक काही नाही, त्याला डेस्कटॉप हीच फाइल ठेवायची जागा दिसते, दुसरी कुणी दाखवलेलीच नाही. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, जागा आपण बदलायची.

दुसरा ढीग अ‍ॅपडेटाचा, म्हणजे प्रोफाइलमधल्या ज्या फोल्डरात प्रोग्राम आपला डेटा ठेवतात त्याचा. अ‍ॅपडेटात तीन फोल्डर असतात, लोकल, लोकललो आणि रोमिंग, यातलं फक्त रोमिंग सर्व्हरवर जातं. त्यामुळे क्रोमचा डेटा लोकलमध्ये असतो त्याचा त्रास नाही, आउटलुकची ओएसटी (मेलबॉक्सची पीसीवरची कॉपी) पण लोकलमध्येच, पण फायरफॉक्सचं प्रोफाइल रोमिंगमध्ये, झूम युजरने स्वतः इन्स्टॉल केलं असेल तर अख्खा प्रोग्रामच रोमिंगमध्ये, आणि जुनं टीम्स तर आपला डेटा कॅशेसकट रोमिंगमध्ये ठेवायचं. नवीन टीम्स लोकलमध्ये गेलं पण जुन्याचा मलबा प्रोफाइलमध्ये अजून पडलेला सापडतो आणि रोज उगाच तपासला जातो.

मग करायचं काय. सेटिंग्ज वेगळ्या आणि फाइल्स वेगळ्या. फाइल्स म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, यांना फोल्डर रिडायरेक्शन लावायचं. विंडोज २००० पासून ही सोय आहे आणि अजूनही कितीतरी ठिकाणी वापरत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. रिडायरेक्ट केलं की युजरला डेस्कटॉप तसाच दिसतो पण फाइल्स सर्व्हरच्या शेअरवरच राहतात, लॉगिनला कॉपी काहीच होत नाही, जी फाइल उघडली तेवढीच वायरवरून येते. प्रोफाइलमध्ये उरतं काय तर युजरची रजिस्ट्री, म्हणजे एनटीयूजर डॉट डॅट, आणि अ‍ॅपडेटाचं रोमिंग. हे नीट ठेवलं तर शे-दीडशे एमबीच्या आत राहतं.

पॉलिसी युजर कॉन्फिगरेशनमध्ये, पॉलिसीज, विंडोज सेटिंग्ज, फोल्डर रिडायरेक्शन इथे आहे. लावताना काही गोष्टी सांभाळा. शेअर प्रोफाइलच्या शेअरपासून वेगळा करा, एकात एक टाकू नका. परमिशन अशी की युजरला मूळ फोल्डरवर फक्त स्वतःचा फोल्डर बनवता यावा, एवढंच, धिस फोल्डर ओन्ली, आणि क्रिएटर ओनरला (ज्याने फोल्डर बनवला त्याला) आतल्या सगळ्याचा फुल कंट्रोल, मग कुणी दुसऱ्याचं उघडू शकत नाही. "ग्रँट द युजर एक्सक्लुझिव्ह राइट्स" याची टिक आधीच असते, ती राहिली तर अ‍ॅडमिनलासुद्धा फोल्डर उघडत नाही, आणि नंतर टिक काढली तरी आधी बनलेल्या फोल्डरांच्या परमिशन सुधारत नाहीत, तेव्हा हे पहिल्या दिवशीच ठरवा. "मूव्ह द कंटेंट्स" चालू ठेवाल तर पहिल्या लॉगिनला सगळा ढीग सर्व्हरवर जातो, म्हणजे ते एक लॉगिन नेहमीपेक्षाही हळू होणार, त्यामुळे सगळ्या ऑफिसला सोमवारी सकाळी लावू नका, एकेक विभाग घ्या, शनिवारी दुपारी, आणि लोकांना आधी सांगून ठेवा की सोमवारी एकदा वेळ लागेल, पीसी मध्येच बंद करू नका. आणि पॉलिसी पहिल्याच लॉगिनला लागली नाही तर घाबरू नका, फास्ट लॉगऑन (नेटवर्कची वाट न बघता लॉगिन होऊ देणारी सोय) चालू असेल तर रिडायरेक्शनला दोन लॉगिन लागू शकतात.

पीएसटीचा प्रश्न याच्या आधी सोडवा, हे कृपा करून विसरू नका. आउटलुक २०१० पासून नवीन पीएसटी आपोआप डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरात बनते, म्हणजे डॉक्युमेंट्स रिडायरेक्ट केलं की पीएसटी सर्व्हरवर गेली, आणि नेटवर्कवर उघडलेल्या पीएसटीला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही. त्याचं कारण आहे, आउटलुक त्या फाइलमध्ये सतत लहान लहान लिहीत असतं, लाइन क्षणभर जरी तुटली तरी फाइल करप्ट होऊ शकते, आणि दहा जणांच्या पीएसटी एका सर्व्हरवर उघड्या असल्या तर सर्व्हर सगळ्यांसाठीच जड होतो. लॉगिन सुधारलं आणि आउटलुक हँग व्हायला लागलं तर लोक म्हणणार आधीचंच बरं होतं. रिडायरेक्शनच्या आधी प्रत्येक पीसीवर पीएसटी शोधा, आउटलुक बंद करून ती डी ड्राइव्हवर हलवा, तिथून परत जोडा, आणि तिच्या बॅकअपची वेगळी सोय करा, कारण आता ती फाइल त्या एकाच पीसीवर आहे आणि डिस्क गेली तर मेल गेले. मेल एक्स्चेंजवर (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर पीएसटीच बंद करून सगळं मेलबॉक्समध्ये घेता आलं तर उत्तम.

ऑफलाइन फाइल्सकडे लक्ष द्या. रिडायरेक्ट केलेले फोल्डर विंडोज आपणहून ऑफलाइन उपलब्ध करून ठेवतं, म्हणजे पीसीच्या सी ड्राइव्हवर सीएससी फोल्डरात त्याची कॉपी आणि सिंक सुरू. लॅपटॉपला हे हवंच, माणूस घरी गेला तरी फाइल दिसते. पण जागचा हलत नाही अशा डेस्कटॉप पीसीला याचा उपयोग थोडा आणि सिंकचे घोळ जास्त, तिथे "डू नॉट ऑटोमॅटिकली मेक ऑल रिडायरेक्टेड फोल्डर्स अव्हेलेबल ऑफलाइन" लावा. आणि प्रोफाइलच्या शेअरवर कॅशिंग पूर्ण बंद हवं, शेअरच्या प्रॉपर्टीत जाऊन बघा, ते चालू राहिलं तर प्रोफाइल सिंक आणि ऑफलाइन सिंक दोघं एकाच फाइलवर हात टाकतात.

अ‍ॅपडेटाचं रोमिंग पण रिडायरेक्ट करावं का असं पुष्कळजण विचारतात, पर्याय यादीत आहे म्हणून. माझं मत नाही. कॉपीचा वेळ वाचतो पण मग प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन आपली सेटिंगची फाइल दिवसभर नेटवर्कवरून वाचत-लिहीत बसतं, लॉगिनचा त्रास दिवसभरावर पसरतो, आणि सर्व्हर एक मिनिट अडखळला की अख्ख्या ऑफिसचे प्रोग्राम एकदम गोठतात. त्यापेक्षा "एक्स्क्लूड डायरेक्टरीज इन रोमिंग प्रोफाइल" या पॉलिसीत नको ते फोल्डर नावानिशी वगळा, झूम, जुनं टीम्स, फायरफॉक्समध्ये बुकमार्क टिकायची गरज नसेल तर तेही. नावं प्रोफाइलच्या मुळापासून लिहायची आणि मध्ये सेमीकोलन. सर्व्हरवरच्या कॉपीत आधीच साचलेलं मात्र स्वतः जाऊन काढा, पॉलिसी लावली म्हणून ते आपोआप साफ होईल असं धरून चालू नका. "लिमिट प्रोफाइल साइज" वाली पॉलिसी लावून आटोपायचा मोह होतो, लावू नका, तिने युजरला नुसते मेसेज दिसतात आणि प्रोफाइल सर्व्हरवर जाणं अडतं, फाइल कुठे ठेवायची हे त्याला तरी कुठे कळलंय.

एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा पण फार कमी जण विचारतात, रोमिंग प्रोफाइल हवंच आहे का? शिफ्टमध्ये एकाच पीसीवर तीन माणसं बसतात, कॉलेजची लॅब आहे, बँकेसारखं काउंटर बदलतं, तिथे हवं. पण जिथे प्रत्येक माणूस रोज आपल्याच टेबलावर आपल्याच पीसीवर बसतो तिथे रोमिंगने मिळतं काय, पीसी खराब झाला तर सेटिंग्ज टिकतात एवढंच, आणि फाइल्स तर रिडायरेक्शनने तशाही सुरक्षित आहेत. अशा ठिकाणी मी रोमिंग काढून टाकतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या खात्यांची यादी) युजरच्या प्रोफाइल टॅबमधला प्रोफाइल पाथ रिकामा केला की पुढच्या लॉगिनपासून पीसीवरचीच कॉपी लोकल प्रोफाइल म्हणून चालते. फक्त त्याआधी बघा की "डिलीट कॅश्ड कॉपीज ऑफ रोमिंग प्रोफाइल्स" ही पॉलिसी चालू नाही ना, ती चालू असेल तर पीसीवर कॉपी उरलेलीच नसते आणि माणसाला कोरा डेस्कटॉप मिळतो. तीच पॉलिसी हळू लॉगिनचं पण मोठं कारण आहे, लॉगऑफ केलं की कॉपी पुसली, सकाळी परत सगळं नव्याने उतरवा, रोज. कुणीतरी कधीतरी सी ड्राइव्ह भरतोय म्हणून लावलेली असते.

विंडोजच्या आवृत्त्या मिसळलेल्या असतील तर प्रोफाइलच्या शेअरवर एकाच युजरचे दोन-तीन फोल्डर दिसतील, नावाच्या शेवटी विंडोज ७ चं व्ही२, विंडोज १० चं सुरुवातीचं व्ही५ आणि १६०७ पासून पुढे व्ही६. ती वेगवेगळी प्रोफाइल आहेत, एकातलं दुसऱ्यात दिसत नाही, त्यामुळे नव्या पीसीवर बसलेला माणूस फाइल्स गेल्या म्हणून ओरडतो. रिडायरेक्शन असेल तर हा प्रश्नच येत नाही, फाइल्स दोन्हीकडून एकाच जागी.

आणि प्रोफाइल खरंच डिलीट करायची वेळ आली तर युजर्सच्या फोल्डरात जाऊन नुसतं फोल्डर उडवू नका. रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्टमध्ये त्या माणसाच्या एसआयडीची (विंडोजने खात्याला दिलेला नंबर) नोंद तशीच राहते, मग पुढच्या लॉगिनला टेम्पररी प्रोफाइल, अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १५११, आणि एसआयडीच्या मागे डॉट बॅक लागलेली दुसरी नोंद. टेम्पररी प्रोफाइलमध्ये लोकल ठेवलेलं काम लॉगऑफला पुसलं जातं, दिवसभराचं एक्सेल त्यात गेलेली माणसं मी बघितली आहेत. सिस्टीम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, युजर प्रोफाइल्स, सेटिंग्ज इथून डिलीट करा, फाइल आणि नोंद दोन्ही जातात.

आता मोजल्यावर प्रोफाइल निर्दोष निघालं तर.

डीएनएस पहिलं बघा. पीसीवर आयपीकॉन्फिग /ऑल मारा आणि डीएनएस सर्व्हर वाचा. पहिला डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा डोमेनचा सर्व्हर) आणि दुसरा ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) किंवा इंटरनेटचा राउटर, असं लिहिलेलं निघालं तर बरंच काही तिथेच सापडलं. लोकांना वाटतं दुसरा म्हणजे पहिला पडला तर, पण विंडोज एकदा दुसऱ्याकडे गेलं की काही काळ त्याच्याकडेच विचारत राहतं, आणि तुमच्या आतल्या डोमेनचा डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे बाहेरच्या डीएनएसला माहीत असायचं कारण नाही. मग एक दिवस लॉगिन पटकन, एक दिवस तीन मिनिटं, कशाला काही पत्ता नाही. पीसीला फक्त डोमेन कंट्रोलरचेच डीएनएस द्या, बाहेरच्या नावांसाठी डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर लावा. आणि ही सेटिंग पीसीपीसीवर जाऊन नाही तर डीएचसीपीत (पीसींना आयपी आणि डीएनएस आपोआप वाटणारी सोय) करा, राउटरचा डीएचसीपी चालू राहिला असेल तर तो बंद करा, नाहीतर महिन्याने परत.

ब्रँच असेल तर साइट्स आणि सबनेट, म्हणजे कुठली आयपी रेंज कुठल्या ऑफिसची ही नोंद, ते बघा. नाशिकच्या ऑफिसला नवीन आयपी रेंज दिली आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये ती जोडली नाही तर तिथल्या पीसीला जवळचा डोमेन कंट्रोलर कोणता ते कळत नाही, तो व्हीपीएनवरून पुण्याच्या सर्व्हरला विचारतो. डोमेन कंट्रोलरवर विंडोजच्या डीबग फोल्डरात नेटलॉगॉन डॉट लॉग उघडा, तिथे नो क्लायंट साइट असं लिहून पीसीचं नाव आणि आयपी येतो. जेवढे आयपी दिसतील तेवढे सबनेट जोडून टाका.

पीसी चालू केल्यावर पहिलंच लॉगिन हळू आणि लॉगऑफ करून परत केलं तर लगेच, असं असेल आणि सिस्टीम लॉगमध्ये नेटलॉगॉनचा ५७१९ किंवा ग्रुप पॉलिसीचा ११२९ असेल तर स्विचकडे जा. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (वायरिंगमध्ये लूप होऊ नये म्हणून असलेली तपासणी) असतं, पोर्ट वर आल्यावर पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, मग ट्रॅफिक सोडतो, म्हणजे तीस सेकंद पीसीला वाटतं नेटवर्कच नाही. पीसी लावलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा, एका स्विचवरून दुसऱ्या स्विचला जाणाऱ्या पोर्टवर मात्र अजिबात नाही. एसएसडी आल्यापासून हा त्रास वाढलाय, कारण पीसी आता पोर्ट उघडायच्या आधीच लॉगिन स्क्रीनला पोचतो.

प्रिंटर आणि ड्राइव्ह मॅपिंगचं सांगायचं तर, सर्व्हर बदलला पण पॉलिसीत जुन्याचं नाव राहिलं हेच नव्वद टक्के वेळा असतं असं माझा अनुभव सांगतो, पीसी नसलेल्या सर्व्हरची वाट बघत बसतो. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅक्शन रिप्लेस असेल तर प्रत्येक लॉगिनला प्रिंटर काढून परत लावला जातो, ती अपडेट करा. जुन्या बॅच फाइलमध्ये नेट यूज (ड्राइव्ह जोडायची कमांड) लिहिलेलं असतं ते पण वाचून काढा. डब्ल्यूएमआय फिल्टरमध्ये (पॉलिसी कुठल्या पीसीला लागावी ते ठरवणारी अट) विन३२ प्रॉडक्ट दिसलं तर लगेच काढा, ती क्वेरी इन्स्टॉल केलेल्या प्रत्येक एमएसआयची तपासणी करत बसते. आणि विंडोज ८.१ पासून लॉगॉन स्क्रिप्ट मुद्दाम पाच मिनिटं उशिरा चालते, त्यामुळे ड्राइव्ह उशिरा येतो ही तक्रार असेल तर तो बिघाड नाही, "कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले" मध्ये शून्य टाका किंवा स्क्रिप्ट सोडून प्रेफरन्सेस वापरा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ चं लायसन्स असलेल्या ऑफिसला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर नेण्याचा पर्याय आहे, नोन फोल्डर मूव्ह म्हणतात त्याला, आणि रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर एफएसलॉजिक्स हवं, ते अख्खं प्रोफाइल एका व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलमध्ये ठेवून लॉगिनला जोडतं, कॉपी नाहीच. दोन्ही चांगले आहेत, पण रिडायरेक्शन चालू असलेल्या फोल्डरवर वनड्राइव्हचं मूव्ह लावू नका, आधी एक सोडवा मग दुसरं.

सगळं झाल्यावर सर्व्हरवर एक शेड्यूल्ड टास्क लावा, दर सोमवारी प्रत्येक प्रोफाइलची साइज एका सीएसव्हीत लिहिणारा. पॉवरशेलमध्ये पाच-सहा ओळींचं काम आहे. तीनशे एमबीच्या वर कोणी गेलं की त्याच दिवशी त्याचं अ‍ॅपडेटा उघडून बघा, बहुतेकदा कुठलं तरी नवीन अ‍ॅप रोमिंगमध्ये येऊन बसलेलं असतं, त्याचं नाव एक्स्क्लूडच्या यादीत टाका आणि सर्व्हरवरची कॉपी साफ करा.